घड्याळ मनगटावरून काढा, मग क्यूब फिरवू द्या



दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या तिसगाव परिसरात एक प्रश्न हमखास विचारला जातो. कधी शाळेच्या गेटवर, कधी बाजारात भाजी घेताना, तर कधी थेट ऊसतोडीच्या फडावरून फोनवर. "गुरुजी, पोरगा स्मार्टवॉच मागतोय. म्हणतो, क्यूब लावायचा टायमर असतो त्यात. घ्यावं का?"

उत्तर आधी सांगून टाकतो, कारणं नंतर. घड्याळ घरात असेल तर वापरा, पण मनगटावर बांधून नव्हे. नसेल तर फक्त क्यूबसाठी विकत घेऊ नका. आणि पोरगं नुकतंच शिकत असेल, तर पहिले काही आठवडे कुठलाच टायमर नको. ना घड्याळातला, ना मोबाइलमधला.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा खेळण्यावर एवढं मोठं लिहायची काय गरज? गरज आहे. कारण क्यूब आता फक्त खेळणं राहिलेला नाही. मढीच्या यात्रेतल्या खेळण्यांच्या दुकानात तो शंभर-दीडशे रुपयांत मिळतो, मोबाइलवर व्हिडिओ बघून पोरं तो लावायला शिकतात, आणि मधल्या सुट्टीत वडाखाली "तुझा किती? माझा किती?" सुरू होतं. हा "किती" म्हणजे सेकंद. पोरं या आकड्यावर भांडतात, हसतात, कधी रडतात. मग तो आकडा येतो कुठून आणि तो खरा असतो का, हे मोठ्या माणसांना माहीत असायला नको का?

ज्यांच्या घरात अजून क्यूब आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टायमरचं ॲप काय करतं? आधी क्यूब कसा विस्कटायचा त्या वीसेक चाली दाखवतं. मग बघून घ्यायला १५ सेकंद देतं. मग स्क्रीनला बोट लावलं की वेळ सुरू, परत लावलं की बंद. प्रत्येक वेळ साठवून ठेवतं, पाचांची, बाराची सरासरी काढून देतं. चांगली सोय आहे, नाकारत नाही. पण एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. हजार-दीड हजारात मिळणाऱ्या बहुतेक स्मार्टवॉचमध्ये बाहेरचं ॲप टाकताच येत नाही. त्यात असतं साधं स्टॉपवॉच. ॲप टाकता येणारं घड्याळ त्याच्या कितीतरी पट महाग. म्हणजे पोरगा ज्या गोष्टीसाठी हट्ट धरून बसलाय, ती गोष्ट तुम्ही आणलेल्या डब्यात असेलच असं नाही. उचल घेऊन फडावर गेलेल्या बापाने हे आधी ऐकलेलं बरं.

आता मुद्द्याचं. क्यूब दोन हातांनी लावतात. घड्याळ डाव्या मनगटावर असतं, म्हणजे ते दाबायला उजवाच हात लागतो. सुरुवातीला उजव्या हाताने स्क्रीन दाबायची, मग तो हात क्यूबवर आणायचा. शेवटी क्यूब जुळला की उजवा हात क्यूबवरून काढायचा, मनगटावर न्यायचा, तेवढ्याशा स्क्रीनवर बोट नेमकं टेकवायचं. थंडीच्या दिवसांत बोट कोरडं, उन्हाळ्यात घामट; पहिला स्पर्श लागत नाही, दुसरा लागतो. कधी हात वळला म्हणून स्क्रीन झोपलेली असते, तिला आधी उठवावी लागते. हा सगळा वेळ क्यूब लावण्याचा आहे का? नाही. पण आकड्यात तो मिसळलेला असतो. आणि रोज सारखा मिसळत नाही, हे जास्त वाईट. सारखा असता तर वजा तरी करता आला असता.

याहून एक गंमत बघा. पोरं हुशार असतात. हात न्यायला वेळ जातो हे त्यांच्या लगेच लक्षात येतं. मग शेवटची चाल अर्धवट फिरवत असतानाच बोट घड्याळाकडे निघतं. क्यूब पूर्ण बसायच्या आधी वेळ थांबते. पोराला वाटत नाही की आपण फसवतोय. त्याच्या मते ते नुसतं चपळ होतंय. पण वहीत लिहिलेला आकडा खोटा असतो, आणि तो खोटा आहे हे सांगणारं जवळ कोणी नसतं. ज्याची वेळ मोजायची तोच वेळ मोजणारा, असा हा कारभार.

स्पर्धेत हे कसं करतात ते पाहण्यासारखं आहे. क्यूबच्या अधिकृत स्पर्धा वर्ल्ड क्यूब असोसिएशन या संस्थेच्या नियमांनी होतात. ही संस्था २००४ साली सुरू झाली. आपल्याकडे पुण्या-मुंबईतही या स्पर्धा होतात. तिथे टेबलावर स्टॅकमॅट नावाचा टायमर असतो. समोर चटई, चटईवर क्यूब, आणि टायमरला दोन बाजूंना दोन हात ठेवायच्या जागा. दोन्ही हात टेकवायचे, हिरवा दिवा लागला की उचलायचे. हात उचलले की वेळ सुरू. क्यूब जुळला की तो खाली ठेवायचा आणि दोन्ही हात परत टायमरवर टेकवायचे, तेव्हाच वेळ बंद. एका हाताने टायमर थांबवायचा आणि दुसऱ्याने क्यूब फिरवत राहायचं, ही सोयच ठेवलेली नाही. समोर पंच बसलेला असतो. बघायला मिळालेल्या १५ सेकंदांत तो आठव्या आणि बाराव्या सेकंदाला आवाज देतो. १५ च्या आत सुरू केलं नाही तर दोन सेकंदांचा दंड, आणखी दोन सेकंद उलटली तर प्रयत्न बाद. शेवटी एकच चाल राहिलेली असेल तरी दोन सेकंदांचा दंड, त्याहून जास्त राहिलं तर बाद.

आणि या टेबलावर बसताना स्मार्टवॉचला मनाई. स्टॅकमॅट सोडून दुसरं कुठलंही इलेक्ट्रॉनिक उपकरण सोडवताना वापरायचं नाही, असा स्पष्ट नियम आहे. म्हणजे ज्या खेळाच्या नावाखाली घड्याळ मागितलं जातंय, त्या खेळाच्या टेबलावर ते घड्याळ चालतच नाही. पोराला हे एवढंच सांगा. निम्मा हट्ट तिथेच उतरतो.

पंचाचं महत्त्व किती, याचं एक उदाहरण पोरांना फार आवडतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमधल्या वुहू शहरात यूशेंग दू या मुलाने ३.४७ सेकंदांत क्यूब लावून जागतिक विक्रम केला. त्याच्यावर कोणाचाच कॅमेरा रोखलेला नव्हता. त्या क्षणाचं जे चित्रण मिळालं ते सभागृहातल्या सीसीटीव्हीचं, लांबून घेतलेलं. तरी विक्रम मान्य झाला. कारण टायमर होता, पंच होता, सहीचा कागद होता. आपल्या पोरांकडे उलटं असतं. व्हिडिओ असतो, स्टेटस असतं, पण समोर बसून "हो, पूर्ण झाला" म्हणणारं माणूस नसतं.

आता विज्ञान-गणित शिकवणाऱ्यांसाठी जरा थांबतो, कारण इथे एक उत्तम पाठ फुकट मिळतो. घड्याळावर २८.४७ असा आकडा येतो. त्यातला तो शेवटचा ७ खरा आहे का? मुलांना विचारा. "सर, घड्याळाने दाखवलाय म्हणजे खराच." इथून सुरुवात करा.

३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. एकाने ती वरून उभी धरायची, दुसऱ्याने खाली शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्याने पकडायची. पट्टी १५ सेंटिमीटर घसरली तर साधारण ०.१७ सेकंद गेले, २० घसरली तर ०.२०. म्हणजे डोळ्याने पाहून बोट हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा-सहावा भाग सहज जातो. हा भाग शतांशात सांगायचा तर सतरा ते वीस शतांश. मग बोटाने दाबलेल्या घड्याळावरचा एक-दोन शतांशांचा फरक कशाचा? घड्याळ शतांश दाखवतं, आपलं बोट शतांश दाखवत नाही. लघुतम माप उपकरणाचं वेगळं आणि मोजणाऱ्याचं वेगळं, हे नववी-दहावीला पाठ करून कळत नाही. पट्टी दोनदा निसटली की कळतं.

मैदानावरचं उदाहरणही द्या. तालुका क्रीडा स्पर्धांमध्ये काम केलेल्या शिक्षकांना हे माहीत असतं. हातातल्या स्टॉपवॉचने शंभर मीटरची वेळ घेतली आणि ११.३२ दिसलं, तर ॲथलेटिक्सच्या नियमाप्रमाणे ते ११.४ असं लिहायचं. हाताने घेतलेल्या वेळेला शतांशाचा मान नाही. शिवाय एकाच धावपटूवर तीन वेळाधिकारी असतील आणि तिघांची वेळ वेगळी आली, तर मधली धरायची. याउलट १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचं कांस्यपदक हुकलं ते शंभराव्या भागाने. तिची वेळ ५५.४२, रुमानियाच्या क्रिस्तियाना कोजोकारूची ५५.४१. तिथे तो शंभरावा भाग खरा होता, कारण तो माणसाच्या बोटाने मोजलेला नव्हता. ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवा. शतांश कधी लिहायचा आणि कधी लिहायचा नाही, हे पोरं आपलं आपण सांगतात.

म्हणून माझं म्हणणं असं की वर्गात आणि घरी क्यूबची वेळ पूर्ण सेकंदात लिहावी. २८.४७ नाही, २८. जागतिक स्पर्धेतही एखाद्या प्रयत्नाला दहा मिनिटांहून जास्त लागली तर वेळ पूर्ण सेकंदातच लिहितात. त्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट सरासरीची, आणि ही मला सगळ्यात जास्त आवडते. स्पर्धेत एका फेरीत पाच वेळा क्यूब लावतात. पाचांतली सगळ्यात चांगली वेळ काढून टाकतात, सगळ्यात वाईट काढून टाकतात, राहिलेल्या तिनांची सरासरी हा निकाल. समजा पोराच्या वेळा आल्या ४८, ५२, ५०, ७१ आणि ३९. ३९ गेला, ७१ गेला. राहिले ४८, ५२, ५०. सरासरी ५०. नातेवाइकांना पोरगा सांगतो, "माझा ३९." रडवेला होऊन आईला सांगतो, "आज ७१ लागले." दोन्ही खरं नाही. तो ५० चा आहे. आज त्याचा हातखंडा कुठे आहे हे त्या पन्नासात आहे. मला तर कधी कधी वाटतं, प्रगतिपुस्तक लिहिताना आपणही एखाद्या पोराचा एक भारी दिवस आणि एक घसरलेला दिवस बाजूला ठेवावा आणि उरलेल्या पोराकडे बघावं. पण तो विषय वेगळा.

घड्याळाच्या स्क्रीनवर मात्र काय चमकतं? सर्वोत्तम वेळ. तीच तेवढी लक्षात राहते.

आता नवशिक्यांबद्दल, कारण खरं नुकसान तिथे होतं. क्यूब बनवणारे एर्नो रुबिक हे हंगेरीतल्या बुडापेस्टचे वास्तुकलेचे शिक्षक. हो, शिक्षकच. १९७४ मध्ये त्यांनी हा ठोकळा बनवला, फिरवून विस्कटला, आणि मग स्वतःचाच ठोकळा परत जुळवायला त्यांना महिनाभर लागला. त्यांच्याकडे व्हिडिओ नव्हता, सूत्रं नव्हती. कोणी सोडवलाय असं सांगायला जगात दुसरं माणूस नव्हतं. ज्याने बनवला त्याला महिना लागला, आणि आपण पाचवीच्या पोराच्या हातात क्यूब देऊन चौथ्या दिवशी टायमर लावतो.

टायमर लवकर लावला की पोरगं समजून घ्यायचं सोडतं आणि पाठ करायला लागतं. व्हिडिओतल्या चाली तोंडपाठ होतात. उजवी वर, वरची डावीकडे, उजवी खाली, अशी एक लांब माळ तयार होते. मध्येच कोणी हाक मारली, माळ तुटली, की पोरगं थांबतं. पुढे काय करायचं हे त्याला समोरच्या रंगांवरून कळत नाही. क्यूब परत विस्कटायचा, परत पहिल्यापासून. आपल्याला हे चित्र नवीन आहे का? "सात आठे किती?" विचारलं की मनातल्या मनात सात एके सातपासून निघणारी पोरं आपण रोज बघतो. पाढा येतो, गुणाकार येत नाही. तसंच क्यूब लागतो, पण क्यूब कळलेला नसतो.

कळण्यासारखं त्यात बरंच आहे. प्रत्येक बाजूचा मधला तुकडा जागेवरून हलत नाही, हे किती पोरांना माहीत असतं? तो मधला तुकडा त्या बाजूचा रंग ठरवतो. मधले सहा, कडेचे बारा, कोपऱ्याचे आठ, एकूण सव्वीस तुकडे दिसतात. कडेचा तुकडा कधीच कोपऱ्यात जात नाही. रंगाचे चौकोन चोपन्न दिसतात म्हणून पोरं घाबरतात. फिरणारे तुकडे वीसच आहेत हे कळलं की भीती निम्मी होते. या ठोकळ्याच्या शक्य मांडण्या मात्र ४३ वर अठरा शून्यं एवढ्या प्रचंड. आणि तरीही, कुठल्याही मांडणीतून वीस चालींच्या आत क्यूब जुळवता येतोच, हे २०१० साली संगणकांच्या मदतीने सिद्ध झालं. या गोष्टी टायमर चालू असताना सांगता येत नाहीत. ऐकणाऱ्याचं लक्ष घड्याळात असतं.

म्हणून पोरगं मध्येच अडवल्यावरही समोरचे रंग बघून पुढे जाऊ शकतं का, ही माझी कसोटी. जात असेल तर आणा घड्याळ. त्याआधी नको.

शिष्यवृत्ती आणि नवोदयची तयारी करून घेणारे पालक इथे एक युक्तिवाद करतात. "सर, वेळेची सवय लागते. पेपरात उपयोग होतो." शिष्यवृत्तीच्या एका पेपरात ९० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. नवोदयला दोन तासांत ८० प्रश्न, म्हणजे दीड मिनिट. हिशेब बरोबर आहे. पण क्यूब ४० सेकंदांत लावला म्हणून उताऱ्यावरचा प्रश्न ४० सेकंदांत सुटेल, हे मला पटत नाही. बोटांचा वेग वाचनाला लागत नाही. लागतो तो वेगळाच भाग, ते सुरुवातीचे १५ सेकंद. त्यात क्यूब हातात घ्यायचा, सगळीकडून फिरवून बघायचा, पण एकही बाजू वळवायची नाही. आधी बघ, मनात ठरव, मग हात लाव. आपली पोरं पेपरात नेमकी इथेच मार खातात. प्रश्न अर्धा वाचून पर्यायाचं वर्तुळ काळं करतात. घाई शिकवायची गरज नाही हो, ती घरातून येतेच. थांबणं शिकवावं लागतं. टायमरमधला एकच भाग वर्गात रोज वापरायचा असेल तर तो हा पंधरा सेकंदांचा वापरा, बाकी राहिलं तरी चालेल.

वेग वाढवण्याबद्दलही एक गैरसमज आहे. जास्त जोरात फिरवलं की वेळ कमी होईल, असं पोरांना वाटतं. चांगले क्यूबर उलटं सांगतात. सावकाश फिरवा, पण मध्ये थांबू नका. हात एक तुकडा बसवत असताना डोळ्यांनी पुढचा तुकडा शोधायचा. वेळ जातो तो फिरवण्यात नाही, शोधत थांबण्यात जातो. यासाठी ते टिकटिक करणारा ठेका लावून सराव करतात. एका ठोक्याला एक चाल. आमच्याकडे हे समजावून सांगायला काहीच कष्ट पडत नाहीत. काकड्याला, हरिपाठाला टाळ घेऊन उभी राहणारी पोरं आहेत. संथ लयीत हात बसल्याशिवाय द्रुत लय धरता येत नाही, हे त्यांना गावातल्या पखवाजवाल्याने आधीच शिकवलेलं असतं. स्मार्टवॉच असेलच, आणि त्यात ठेका देण्याची सोय असेल, तर ते टायमर म्हणून वापरण्यापेक्षा असं वापरलेलं मला जास्त पसंत आहे. सेकंद दाखवणारं घड्याळ पोराला पळवतं, ठेका देणारं घड्याळ त्याला एका चालीवर ठेवतं.

आता वर्गाची घडी. चाळीस पोरांच्या वर्गात एकाच्या मनगटावर स्मार्टवॉच आलं की काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. क्यूब कोणाचाही असो, मालक घड्याळवाला. "माझ्याकडे नंबर लाव," "तुझी वेळ मी घेणार नाही." ज्यांचे आईबाप फडावर आणि जी पोरं आजी-आजोबांकडे राहतात, ती या रांगेत मागे पडतात. तोंडाने बोलत नाहीत, हळूच खेळातून बाजूला होतात. म्हणून घड्याळ मनगटावरून काढून टेबलावर ठेवायचं, हा माझ्या दृष्टीने शिस्तीचा नियम नाही, वाटणीचा आहे. टेबलावर ठेवलं की ते वर्गाचं होतं. खेळाच्या साहित्यात शाळेचं स्टॉपवॉच असेल तर तेच काढा, सगळ्यात उत्तम.

मग वेळ कशी घ्यायची? जुना पुठ्ठा घ्या, त्यावर दोन पंजे काढा, मधे क्यूबचा चौकोन. लावणाऱ्याने दोन्ही हात पंजांवर ठेवायचे. समोर बसलेल्याकडे घड्याळ. हात उचलले की तो सुरू करतो, क्यूब ठेवून दोन्ही हात परत टेकले की बंद करतो. घड्याळवाल्याला दोन्ही वेळा डोळ्याने बघूनच बोट दाबायचं असल्यामुळे उशीर दोन्हीकडे साधारण सारखाच होतो, आणि बराचसा एकमेकांत वजा होतो. मनगटावरच्या घड्याळात हे होत नाही. तिसरा पंच. तो आठ आणि बाराला आवाज देतो, क्यूब पूर्ण बसला का ते सगळ्या बाजू फिरवून पाहतो. पाच प्रयत्न झाले की जागा बदलायच्या. अधिकृत स्पर्धेतही खेळायला आलेली मुलंच एकमेकांची पंच म्हणून बसतात, त्यामुळे यात काही जुगाड नाही.

पंच झालेलं पोरगं बघण्यासारखं असतं. जिगरी दोस्ताची एक कड बसलेली नाही, आणि "दोन सेकंद दंड" म्हणायचं आहे. म्हणावं लागतं. आपल्या नागरिकशास्त्राच्या तासाला यापेक्षा जड काही घडत असेल असं मला वाटत नाही.

मुलींच्या पालकांना एक मुद्दाम सांगायचंय. या स्पर्धांमध्ये मुलं-मुली असे वेगळे गट नसतात, वयाचेही गट नसतात. सातवीतली मुलगी आणि इंजिनीअरिंगचा पोरगा एकाच फेरीत, एकाच नियमाने. आमच्याकडून पुणं दीडशे किलोमीटरहून लांब आहे, सकाळी लवकर निघावं लागतं, खर्च होतो, हे मान्य. पण घड्याळाचे पैसे वाचवले तर एका फेरीचं एसटीचं भाडं आणि प्रवेश फी त्यात बसू शकते. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूपेक्षा तो एक दिवस तिच्या जास्त लक्षात राहील.

आणि वेगवान खेळाडूंच्या घरी काय चाललेलं असतं, तेही बघू या. १९८२ मध्ये बुडापेस्टला पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा मिन थाय हा अमेरिकन मुलगा २२.९५ सेकंदांत जिंकला होता. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्याच मॅक्स पार्कने ३.१३ सेकंदांचा विक्रम केला. तोही पुढे मोडला गेला. मॅक्स स्वमग्न आहे. लहानपणी त्याची बोटं नीट चालत नव्हती, माणसांत मिसळणं अवघड होतं. आईवडिलांनी क्यूब हाती दिला तो बोटांसाठी, आणि स्पर्धेला नेलं ते माणसांत वावरता यावं म्हणून. रांगेत उभं राहणं, आपल्या पाळीची वाट बघणं, समोरच्याशी हात मिळवणं, हे तो तिथे शिकला. त्याच्यावर आणि ऑस्ट्रेलियाच्या फेलिक्स झेमडेग्सवर २०२० साली माहितीपटही आला. तुमच्या वर्गात असं एखादं मूल असेल तर मनगटावरच्या घड्याळाने त्याचा काहीच फायदा नाही. घड्याळ धरून समोर बसणाऱ्या मुलाने मात्र होईल.

खरेदीचं विचारणाऱ्यांसाठी शेवटी एवढंच. पहिले पैसे बऱ्या क्यूबवर घालवा. यात्रेतला क्यूब अडकतो, जोर लावला की तुकडे निघून येतात आणि पोरगं स्वतःला दोष देतं. अडीचशे-तीनशे रुपयांत नीट फिरणारा मिळतो. दुसरे पैसे शंभर पानी वहीवर. पानावर तारीख, पाच वेळा पूर्ण सेकंदात, सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट वेळेवर काट, उरलेल्या तिनांची सरासरी, आणि शेवटच्या रकान्यात पंचाची सही. सही नसेल तर ते पान सरावाचं धरायचं. टायमर मोबाइलमध्ये फुकट आहे. मोबाइल टेबलावर ठेवा, इंटरनेट बंद करा. वही भरत आली आणि पोरगं अजूनही क्यूब फिरवत असेल, तर पुढच्या दिवाळीत घड्याळाचं परत बोलू.